चालू मशीन उघडायचं का? ‘आदित्य’ टोकामॅकची गोष्ट

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे पाल्हाळ झालं ते थोडं कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ऐकायला साधारण वीस मिनिटं लागतात, वाचायला त्याहून कमी.)

भिवंडीहून बोलतोय. मागे ऐकू येतोय तो खडखडाट रेकॉर्डिंगचा दोष नाही. शेजारच्या शेडमधले लूम चालू आहेत, आणि ते बंद करा असं सांगायची माझी हिंमत नाही.

तर, परवा एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. त्याच्याही मागे लूमच होते, म्हणजे आपल्याच गावचा. तो म्हणाला, “दादा, चीनने कृत्रिम सूर्य बनवला अशी रील बघितली. फ्रान्सने त्याचा रेकॉर्ड मोडला अशी दुसरी बघितली. मग आपल्याला स्वस्त लाइट कधी मिळणार? आणि आपल्याकडे असलं काही आहे का, का आपण नुसत्या रील बघायच्या?”

प्रश्न चांगला आहे. भिवंडीत लाइट म्हणजे पोट. लाइट गेली की शेड गप्प, शेड गप्प की त्या दिवसाचा पगार गप्प. म्हणून आजचा भाग त्याच्यासाठी. उत्तर सुरुवातीलाच सांगतो: हो, आपल्याकडे आहे. गेली पस्तीसहून जास्त वर्षं आहे. त्यातून आजवर लाइट मिळालेली नाही, आणि ते मशीन त्यासाठी बांधलेलंच नव्हतं. मग कशासाठी बांधलं, आणि चांगलं चालू असताना ते उघडून पुन्हा का बांधलं, हे आज बघू.

हे मशीन आहे कुठे?

अंजूरफाट्यावरून चिंचोटीला निघा, अहमदाबाद हायवे पकडा, आणि पाचशेच्या वर किलोमीटर जा. अहमदाबाद आणि गांधीनगरच्या मध्ये भाट नावाचं गाव लागतं. तिथे ‘इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च’ नावाची संस्था आहे. लोक तिला आयपीआर म्हणतात. ती अणुऊर्जा विभागाच्या अंतर्गत येते, आणि त्या विभागाचं मुख्यालय आपल्या मुंबईत आहे.

या गोष्टीचं एक टोकही मुंबईतच सापडतं. १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. अणू फोडून वीज करायची चर्चा सगळीकडे चालू होती, आणि भाभा तिथे एक पाऊल पुढचं बोलले. अणू जोडून, म्हणजे फ्यूजनमधून, नियंत्रित ऊर्जा काढायची युक्ती येत्या दोन दशकांत सापडेल, असा अंदाज त्यांनी जाहीरपणे मांडला. दोन दशकं म्हणजे १९७५. आज त्याला किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा. भाभांसारख्या माणसाचा अंदाज चुकला, तो का चुकला हे कळलं तर फ्यूजन निम्मं कळलं.

आधी अडचण समजून घेऊ

हायड्रोजनचे दोन भारी भाऊबंद आहेत: ड्युटेरियम आणि ट्रिटियम. या दोघांची अणुकेंद्रकं एकत्र आली की हेलियम तयार होतो, एक न्यूट्रॉन सुटतो, आणि भरपूर ऊर्जा मिळते. सूर्यातही जोडण्याचंच काम चालतं, फक्त तिथली प्रक्रिया वेगळी आणि संथ आहे.

घोळ असा की दोन्ही केंद्रकांवर धन भार आहे. दोघं एकमेकांना ढकलतात. त्यांना जवळ आणायचं तर प्रचंड वेगाने आदळवायला लागतं, आणि वेग म्हणजे तापमान. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश आहेत. पण सूर्याकडे अवाढव्य वजन आहे, सगळं दाबून ठेवायला. आपल्याकडे ते नाही. म्हणून पृथ्वीवर साधारण १५ कोटी अंश लागतात. बरोबर ऐकलंत, सूर्याच्या दहापट.

इतक्या तापमानाला वायू वायू राहत नाही. अणूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि जे काही उरतं त्याला प्लाझ्मा म्हणतात. आता तो ठेवायचा कशात? भिंतीला लागला की दोन गोष्टी होतात. प्लाझ्मा लगेच थंड होतो, आणि भिंतीचा कण सुटून आत मिसळतो. तो कण प्लाझ्माला आणखी थंड करतो.

पण प्लाझ्मा विद्युतभारित असतो, म्हणून तो चुंबकाचं ऐकतो. रशियन शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात एक रचना काढली. मेदूवड्याच्या आकाराचं पोकळ भांडं घ्यायचं, त्यातली हवा काढायची, भोवती तांब्याच्या कॉइल लावायच्या. कॉइलमुळे एक चुंबकीय क्षेत्र भांड्यात गोल गोल फिरतं. मग प्लाझ्मातूनच मोठा विद्युतप्रवाह सोडायचा, त्याने दुसरं क्षेत्र तयार होतं. दोन्ही मिळून पीळ पडतो. सायकलच्या ट्यूबवर दोरा तिरका गुंडाळत नेला तर कसा दिसेल, तसा. या पीळदार जाळ्यात प्लाझ्मा भिंतीपासून लांब तरंगत राहतो. या यंत्राचं नाव टोकामॅक. १९६८ मध्ये त्यांनी आपले आकडे जगाला सांगितले तेव्हा बाहेर फारसा विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ स्वतःचं लेझरचं यंत्र घेऊन मॉस्कोला गेले, मोजलं, आणि तापमान खरंच एक कोटी अंशांच्या घरात निघालं. तेव्हापासून जगभर टोकामॅक बांधायला सुरुवात झाली.

मग भाभांचा अंदाज कुठे अडकला? प्लाझ्मा तापवणं जमलं. त्याला गप्प बसवणं जमलं नाही. तो वळवळतो, गळतो, आणि मधेच एका क्षणात कोसळतो. हा स्वभाव कागदावरच्या गणितात पूर्ण मावत नाही. त्यासाठी मशीन चालवून बघावं लागतं.

‘आदित्य’ चालतो कसा

१९८२ मध्ये पी. के. काव अमेरिकेतल्या प्रिन्स्टनहून परत आले आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्माचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९८६ मध्ये त्यातून आयपीआर ही वेगळी संस्था झाली. १९८९ मध्ये भारतात आखलेला आणि भारतात बांधलेला पहिला टोकामॅक सुरू झाला. त्याचं नाव ‘आदित्य’.

आकार ऐकून तुमची थोडी निराशा होईल. वड्याच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतचं अंतर ७५ सेंटिमीटर. प्लाझ्माच्या नळीची त्रिज्या २५ सेंटिमीटर. म्हणजे ट्रकच्या टायरचा मोठा भाऊ म्हणा. भोवती तांब्याच्या वीस मोठ्या कॉइल.

यावर एक प्रयोग करायचा, त्याला ‘शॉट’ म्हणतात. शॉट म्हणजे काय होतं ते क्रमाने सांगतो.

एक. भांड्यातली हवा पंपाने काढायची. किती? बाहेरच्या हवेच्या दाबाचा अब्जावा भागही आत राहता कामा नये. एखाद्या जोडातून केसाएवढी गळती असेल तर दिवस वाया. त्यामुळे गळती शोधणं हे इथलं रोजचं काम आहे.

दोन. भिंत स्वच्छ करायची. फडक्याने नव्हे. भांडं तापवतात, म्हणजे धातूत मुरलेलं पाणी आणि वायू निघून येतात. मग आत हायड्रोजनची मंद झगमग तासन्‌तास चालू ठेवतात, त्याचे कण भिंतीवर आदळून चिकटलेला ऑक्सिजन आणि कार्बन सोडवतात. ट्यूबलाइटमध्ये दिसतो तसला प्रकाश, पण काम घासणीचं.

तीन. वीस कॉइलमध्ये प्रवाह सोडायचा. चुंबकीय पिंजरा तयार.

चार. चिमूटभर हायड्रोजन आत सोडायचा.

पाच. मधोमध असलेल्या कॉइलमधला प्रवाह झपाट्याने बदलायचा. हा साधा ट्रान्सफॉर्मरच आहे, आपल्या गल्लीतल्या डीपीत असतो त्या तत्त्वाचा. फरक इतकाच की दुसऱ्या बाजूची तार म्हणजे खुद्द हायड्रोजन. वायूतून प्रवाह वाहू लागतो, तो प्लाझ्मा होतो, आणि तापत जातो. ‘आदित्य’मध्ये हा प्रवाह एक लाख अँपिअरच्या आसपास जातो, आणि तापमान तीस-चाळीस लाख अंशांपर्यंत.

सहा. संपलं.

सुरुवातीच्या काळात असा शॉट साधारण एक दशांश सेकंद टिकायचा. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. त्या वेळात भांड्याभोवतीची वेगवेगळी उपकरणं मोजून घेतात: प्रवाह किती, घनता किती, प्रकाशात कुठले रंग, कडेला किती खळबळ. मग कॉइल थंड होऊ द्यायच्या, नोंदी बघायच्या, एखादी सेटिंग किंचित बदलायची, पुढचा शॉट.

‘आदित्य’ने पंचवीस वर्षांत असे तीस हजारांहून जास्त शॉट दिले. एक हिशोब करून बघा. प्रत्येक शॉट एक दशांश सेकंदाचा धरला, तर पंचवीस वर्षांचा सगळा प्लाझ्मा मिळून साधारण पन्नास मिनिटं होतो. एका पिक्चरच्या इंटरव्हलपर्यंतही नाही. बाकीची सगळी वर्षं तयारी, दुरुस्ती, मोजमाप आणि विचार.

त्या पन्नास मिनिटांत मिळालं काय?

पहिली गोष्ट. प्लाझ्माच्या कडेतून उष्णता गळते हे सगळ्यांना माहीत होतं. कशी गळते हा प्रश्न होता. ‘आदित्य’च्या गटाने १९९२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नावाजलेल्या नियतकालिकात दाखवलं की ही गळती नळाच्या धारेसारखी सारखी नसते. ती कुकरच्या शिट्ट्यांसारखी असते. मधे मधे शांतता, मग अचानक एक झोत. हे महत्त्वाचं का? कारण भिंत बांधताना सरासरी उष्णता धरून चालत नाही, शिट्टीचा हिशोब धरावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. लूम चालवणाऱ्याला विचारा, सगळ्यात वैताग कशाचा? धागा तुटण्याचा. ताणा तुटला आणि लूम चालूच राहिला तर कापडात दोष पडतो, आणि तो वारभर पुढे जाऊनच लक्षात येतो. टोकामॅकमध्ये असलाच एक प्रकार होतो, त्याला ‘डिसरप्शन’ म्हणतात. आतला सगळा प्रवाह काही हजारांश सेकंदांत कोसळतो. साठलेली ऊर्जा भिंतीवर आपटते, भांड्याला जोराचा हिसका बसतो.

‘आदित्य’मध्ये लाखभर अँपिअर. तो हिसका मशीन सोसतं. पण फ्रान्सच्या दक्षिणेला ‘इटर’ नावाचा महाकाय टोकामॅक उभा राहतोय, त्यात दीड कोटी अँपिअर वाहणार आहेत. तिथे मोठं डिसरप्शन झालं तर कोट्यवधींचं नुकसान. तिथे “बघू या काय होतं” असं म्हणता येत नाही.

छोट्या मशीनवर म्हणता येतं. ‘आदित्य’च्या लोकांनी जास्तीचा हायड्रोजन सोडून मुद्दाम डिसरप्शन ओढवून घेतलं. आणि ते सुरू व्हायच्या बेताला प्लाझ्माच्या कडेला असलेल्या एका इलेक्ट्रोडवर व्होल्टेज दिलं. प्लाझ्मा सावरला. २०१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. धागा मुद्दाम तोडायचा आणि तुटता तुटता कसा वाचवायचा ते शिकायचं, असा हा प्रकार.

माझ्या मते छोट्या टोकामॅकची खरी किंमत इथे आहे. त्याला मोडायची मुभा आहे. जगातलं सगळ्यात मोठं मशीन घाबरत घाबरत चालवावं लागतं. त्याने काय टाळायचं, हे छोट्या मशीननी आधी अंगावर घेऊन सांगायचं.

मग चालू मशीन उघडलं का?

आता आपल्या गावातली गोष्ट. साधा प्लेन लूम तुम्ही पाहिलाय. धोटा इकडून तिकडे, खटाक खटाक. दुसरीकडे रेपियर लूम, त्यात धोटाच नाही, वेग जास्त, दोष कमी. पण रेपियरची किंमत ऐकून छोटा मालक गप्प बसतो. म्हणून केंद्र सरकारने एक मधली योजना काढली होती, २०१७ मध्ये ‘पॉवरटेक्स’च्या नावाखाली ती वाढवली. जुना लूम भंगारात न घालता जागच्या जागी त्यालाच किट बसवायचं. धागा तुटला की लूम आपोआप थांबेल अशी जोडणी, किंवा थेट रेपियरचं किट. सांगाडा तोच, आतलं बदलायचं.

आमच्या घरीही यावर बरीच रात्र जागवली गेली होती. बाबांचं म्हणणं एकच होतं: “चालू लूम उघडला की पहिल्या दिवसापासून खर्च सुरू होतो, आणि कमाई कधी सुरू होईल ते कोणी लिहून देत नाही.” त्यांचं चूक नव्हतं. चालू मशीन उघडणं हा धंद्यातला सगळ्यात कठीण निर्णय असतो.

आयपीआरपुढे हाच प्रश्न होता. ‘आदित्य’ नीट चालत होता. शॉट मिळत होते, पेपर निघत होते, मुलं पीएचडी करत होती. पण त्याचं भांडं जुन्या पद्धतीचं होतं. त्याचा छेद चौकोनी होता, आणि आत प्लाझ्मा गोल. प्लाझ्माची कड ग्रॅफाइटच्या एका कड्याला टेकायची, त्याला लिमिटर म्हणतात. म्हणजे सगळी घाण आणि सगळी उष्णता प्लाझ्माच्या अगदी लगत उतरायची.

जग तोवर पुढे गेलं होतं. नव्या टोकामॅकमध्ये डायव्हर्टर असतो. घरात सांडलेलं पाणी उताराने मोरीकडे जातं ना? तसं चुंबकीय क्षेत्राला वळण देऊन प्लाझ्माची बाहेरची साय एका ठरलेल्या जागी नेतात. उष्णता आणि कचरा तिथे टाकायचा, मुख्य प्लाझ्मापासून लांब. इटरमध्ये हेच असणार आहे. ‘आदित्य’वर डायव्हर्टर नसेल तर इटरच्या प्रश्नांचा अभ्यास अर्धवटच राहणार.

२०१५ मध्ये ‘आदित्य’ उघडला. वीस कॉइल एकेक करून बाजूला काढल्या. जुनं भांडं निघालं. गोल छेदाचं नवं भांडं दोन अर्ध्या भागांत आणून बसवलं. डायव्हर्टरसाठी जास्तीच्या कॉइल घातल्या. आणि जुन्या वीस कॉइल पुन्हा आपापल्या जागी आल्या. सांगाडा तोच, आतलं नवं. ऐकायला सोपं वाटतं, पण कॉइल जरा जरी तिरकी बसली तरी चुंबकीय जाळ्यात खोट येते आणि प्लाझ्मा तिथूनच निसटतो. जॉबरला विचारा, लूमची एक पट्टी वाकडी बसली तर काय होतं. इथे तेच, फक्त चूक दिसत नाही, शॉट फसल्यावर कळते.

डिसेंबर २०१६ मध्ये नव्या मशीनमध्ये पहिला प्लाझ्मा पेटला. नाव झालं ‘आदित्य-यू’. ‘यू’ म्हणजे अपग्रेड. पहिल्याच दिवशी चमत्कार झाला असं समजू नका. सुरुवातीचे शॉट जुन्या ‘आदित्य’इतकेच, एक दशांश सेकंदाच्या आसपास. नवी भिंत स्वच्छ व्हायला, सेटिंग जुळायला वेळ लागतो. भिंतीवर लिथियमचा पातळ थर देऊन पाहिला, वायू कधी किती सोडायचा ते बदलून पाहिलं. हळूहळू शॉट तीनशे मिलिसेकंदांच्या पुढे गेला. जुन्याच्या तिप्पट. आकडा लहान वाटेल. पण प्लाझ्माच्या आतल्या घडामोडी हजारांश सेकंदांत होतात, त्यामुळे तिप्पट वेळ म्हणजे अभ्यासाला तिप्पट जागा.

उघडावंच लागलं ती दुसरी गोष्ट

त्याच आवारात आणखी एक टोकामॅक आहे, एसएसटी-१. तांब्याच्या कॉइल तापतात, म्हणून शॉट लांबवता येत नाही. एसएसटी-१मध्ये अतिवाहक कॉइल आहेत. त्या द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे उणे २६९ अंशांच्या जवळ, थंड केल्या की त्यांचा विद्युतविरोध नाहीसा होतो. लक्ष्य होतं हजार सेकंदांच्या शॉटचं. आराखडा १९९०च्या दशकातला.

मशीन जोडून झालं, थंड करायला घेतलं, आणि अडचणी निघाल्या. थंडीत धातू आकसतो, जोडांतून हेलियम गळायला लागला. कॉइल एकमेकींना जिथे जोडल्या तिथे विद्युतविरोध हवा त्यापेक्षा जास्त. आतवर बसलेल्या कॉइलमधला दोष बाहेरून दुरुस्त होत नाही.

मग निर्णय झाला: सगळं उघडायचं. २००९ पासून मशीन पुन्हा बांधायला घेतलं. जोड नव्याने केले. आणि या वेळी एक शिस्त पाळली. प्रत्येक मुख्य कॉइल मशीनमध्ये बसवण्याआधी वेगळी थंड करून, प्रवाह सोडून तपासायची. पास झाली तरच आत. हे कष्टाचं काम काही वर्षं चाललं. २० जून २०१३ रोजी एसएसटी-१मध्ये पहिला प्लाझ्मा आला. हजार सेकंदांचं लक्ष्य अजून लांब आहे, तिथले शॉटही सेकंदाच्या आतलेच राहिले. पण “सगळी जोडणी झाली आणि मग कळलं” यापेक्षा “जोडण्याआधी एकेक तपासली” हे शिक्षण त्या हॉलमध्ये झालं, आणि ते पुस्तकातून मिळणारं नव्हतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. इटरचं काम भारतासह सात भागीदार मिळून करतात. भारत त्यात २००५च्या शेवटी आला. इटरला बाहेरून झाकणारं निर्वात कवच, क्रायोस्टॅट, त्याचं वजन ३,८५० टन, ते भारताने दिलं. त्याचे भाग गुजरातमधल्या हजिरा इथे लार्सन अँड टुब्रोने घडवले. तरीही त्या प्रकल्पात २०२२ मध्ये आतल्या भागांच्या मापात फरक आणि शीतकरणाच्या नळ्यांना भेगा सापडल्या. बसवलेला भाग परत बाहेर काढावा लागला, दुरुस्त करावा लागला. वेळापत्रक पुढे गेलं. जगातली सगळ्यात हुशार माणसंही चालू काम उघडतात.

मग त्या रील खोट्या का?

खोट्या नाहीत, अर्धवट आहेत. पुढच्या वेळी ‘कृत्रिम सूर्य’ दिसला की तीन प्रश्न विचारा.

पहिला: किती वेळ? चीनच्या ‘ईस्ट’ टोकामॅकने जानेवारी २०२५ मध्ये १,०६६ सेकंद प्लाझ्मा टिकवला. फ्रान्सच्या ‘वेस्ट’ने पुढच्याच महिन्यात १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटं. दोन्ही कामगिऱ्या खऱ्या आणि मोठ्या.

दुसरा: फ्यूजन झालं का, आणि ऊर्जा किती मिळाली? वरच्या दोन्ही प्रयोगांत हेतू प्लाझ्मा टिकवण्याचा होता, ऊर्जा काढण्याचा नव्हता. आपला ‘आदित्य’ही तसाच. ऊर्जेचा विक्रम इंग्लंडच्या ‘जेट’ टोकामॅकचा. २०२३ मध्ये त्याने एका शॉटमध्ये ६९ मेगाज्यूल दिले. आपल्या लाइटबिलाच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १९ युनिट. एक हॉर्सपॉवरच्या मोटरचा लूम त्यावर एक दिवस चालेल. आणि हे इंधन किती? एक मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाएवढं. इथे मला अजूनही गरगरतं.

तिसरा: आत किती घातली? जेटमध्ये मिळाल्यापेक्षा जास्त ऊर्जा तापवण्यात गेली. अमेरिकेतल्या लेझरवाल्या प्रयोगात डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाज्यूल लेझर घालून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. नफा! पण तो लेझर पेटवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. इटरचं उद्दिष्ट ५० मेगावॅटने तापवून ५०० मेगावॅट फ्यूजनची शक्ती मिळवण्याचं आहे, आणि तोही वीज बनवणार नाही. तोही प्रयोगच.

व्हॉइस नोटचं उत्तर

मित्रा, आपल्या शेडमध्ये फ्यूजनची लाइट अमुक साली येईल असं मी सांगणार नाही. भाभांनी साल सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. आत्ताचं बिल कमी करायचं असेल तर छपरावर सोलर आणि चांगली मोटर याचा विचार कर. तो सूर्य चालू आहे, त्याला अपग्रेड लागत नाही.

पण “आपण नुसत्या रील बघायच्या का” या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम ‘नाही’ आहे. टोकामॅकवर फक्त गणित करणारे नसतात. व्हॅक्यूमची गळती शोधणारे, जाड तांबं जोडणारे, निर्वात भांड्याचं वेल्डिंग करणारे, हाय व्होल्टेजचा पॅनल सांभाळणारे, डेटा साठवायचा कोड लिहिणारे, सगळे लागतात. आयपीआरमध्ये विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतो, तिथे पीएचडीही करता येते. मशीनचा आवाज ऐकून “काहीतरी बिघडलंय” हे ओळखणारी माणसं भिवंडीच्या प्रत्येक गल्लीत आहेत. ती नजर शिकवून येत नाही.

आणि हो, आमच्या लूमचं काय झालं असं मला कोणीतरी विचारणारच. बाबांनी आठ लूम उघडायला दिले. पहिले दोन महिने जेवताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आता तुम्हाला मागे जो खडखडाट ऐकू येतोय, त्यातला थोडा आमचाही आहे. धागा तुटला की तो आपोआप थांबतो.

पुढच्या भागात उणे २६९ अंशांवर हेलियम कसा पोचतो ते बघू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, लूमच्या आवाजासकट चालेल. भेटू.